उतरन कशाला म्हणायचं?

आमच्याकडे लग्नाच्या खरेदीत एक शब्द असा आहे की तो तोंडातून निघाला की पुढचं बोलणंच संपतं. तो शब्द म्हणजे ‘उतरन’. आईच्या निकाहचा शरारा पेटीत जसाच्या तसा असतो, त्याची जर अजून काळी पडलेली नसते, मुलीला तो आवडलेला असतो, चांगल्या शिंप्याकडे दिला तर तिच्या अंगाबरोबर बसेल हेही सगळ्यांना दिसत असतं. तेवढ्यात एखादी फुफी म्हणते, ‘‘शादी में पोरी उतरन पहनेगी क्या? लोगां क्या बोलेंगे?’’ झालं. दुसऱ्या दिवशी सगळं घर दुकानात, आणि शरारा पुन्हा डांबराच्या गोळ्यांत.

मला या शब्दाशी भांडायचंय. निकाह सोपा करा म्हणून आपल्याकडे खूप बोललं गेलं आहे. २०२१ मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं त्यासाठी मोहीमसुद्धा काढली. जहेज नको, मशिदीत साधेपणानं निकाह लावा, हे जुम्म्याच्या बयानात आता नेहमी ऐकू येतं. चांगलं आहे. पण मिंबरवरून बोलणाऱ्या मौलानासाहेबांना जोड्याचा हिशेब ठाऊक नसतो, कारण तो हिशेब बायकांच्या खोलीत होतो. आणि तिथं मौलानांपेक्षा फुफीचं जास्त चालतं.

‘उतरन’मध्ये डंख आहे, हे मला मान्य आहे. अमरावतीत जन्मलेल्या वाजिदा तबस्सुम यांची याच नावाची उर्दू कथा गाजलेली आहे. हवेलीतल्या मुलीचे उतरलेले कपडे घालत मोठी झालेली दाईची पोर त्या अपमानाचा सूड कसा घेते, ते त्यात आहे. कथा वाचलेल्याला तो राग विसरता येत नाही. पण तो राग मालकीण आणि मोलकरीण यांच्यामधला आहे. एकीकडे सगळं आहे, दुसरीकडे नाकारायचीही सोय नाही, तिथं दिलेला कपडा उतरन होतो. आईनं लेकीला, खालानं भाचीला, थोरलीनं धाकटीला दिलेला जोडा त्याच शब्दात कोंबायचा, याला काय अर्थ आहे? अम्मीच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या सुनेच्या हातात गेल्या की आपण त्याला ‘खानदानी’ म्हणतो. तीच अम्मी, तेच घर, तोच दिवस. सोनं खानदानी आणि कापड उतरन!

आता दीनच्या बाजूनं बघू, कारण शेवटी सगळे तिकडेच बोट दाखवतात. सहीह बुखारीत एक हदीस आहे. हजरत आयेशा (रजि.) पुढच्या काळात एका माणसाला आपल्या अंगावरचा जाडसर सुती कपडा दाखवतात, पाच दिरहम किमतीचा. पाच दिरहम म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम चांदी. त्या सांगतात की आज घरातली दासीसुद्धा हा कपडा घालायला नाक मुरडते, पण रसूलुल्लाहच्या (स.) हयातीत माझ्याजवळ असाच एक होता आणि मदिनेत जिला कुणाला सजवायचं असेल, तिच्या घरून तो मागायला निरोप यायचा. इमाम बुखारींनी या हदीसवर जो मथळा घातला आहे, तो नवरीसाठी वस्तू उसनी घेण्याबद्दलचाच आहे.

मदिनेतल्या नवऱ्या मागून आणलेला कपडा घालून सजत होत्या. एकच कपडा, वेगवेगळ्या अंगांवर. कुणी त्यांना गरीब म्हणून हिणवलं नाही, आणि देणारीनं ते उपकार म्हणून मोजले नाहीत. आज आपण सुन्नतच्या नावानं दाढीची लांबी मोजतो, पायजम्याची उंची मोजतो. या सुन्नतची आठवण एकाही लग्नघरात कुणी काढलेली मी ऐकलेली नाही.

काही ठिकाणी लोकांनी चांगली कामं सुरू केली आहेत. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात एका टॅक्सीचालकानं वापरलेले लग्नाचे कपडे गोळा करून गरजू मुलींना मोफत द्यायला सुरुवात केली, त्याच्या बातम्या देशभर आल्या. अशा माणसाला दुआच द्यायला हवी. माझी तक्रार त्याच्याशी नाही, आपल्याशी आहे. आपण असे जोडे मोठ्या मनानं दान करतो आणि आपल्या लेकीसाठी मात्र नवाच घेतो. म्हणजे वापरलेला जोडा गरिबाच्या पोरीसाठी सवाब आणि आपल्या पोरीसाठी बेइज्जती. मग त्या गरिबाच्या पोरीला आपण नेमकं काय देतो आहोत? उतरनच की.

गेल्या वर्षी हे सगळं माझ्याच घरात घडलं. माझ्या भाचीला तिच्या खालाचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा शरारा निकाहला घालायचा होता. २००९ चा जोडा. डाळिंबी रंग, कुर्तीवर हाताची जरदोजी, तेव्हा चार महिने आधी सांगून करून घेतलेली. अडचण फक्त उतरनची असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण माझ्या बहिणीनं २०१६ मध्ये खुला घेतला आहे. त्यामुळे चर्चा कुजबुजीत गेली. ‘‘उसका जोडा? बच्ची की जिंदगी का सवाल है.’’ हे बोलणाऱ्या बायका पाचवेळच्या नमाजी. दर्ग्यावर फुलं चढवली तरी शिर्क म्हणून ओरडणाऱ्या. अपशकुन म्हणून काही नसतं, हे बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आलेलं नबींचं सांगणं त्यांना पाठ असेल, पण ते मांजर आडवं जाण्यापुरतं. कापडातून नशीब लागतं, यावर त्यांचा ईमान पक्का! उम्मुल मोमिनीन आपण ज्यांना म्हणतो, त्यांच्यात आयेशा (रजि.) सोडल्या तर बाकी सगळ्या आधी लग्न होऊन विधवा किंवा तलाकशुदा झालेल्या होत्या. त्यांच्या हातची एखादी वस्तू मिळाली असती तर याच बायकांनी ती डोळ्यांना लावली असती.

सगळ्यात वाईट हे की माझी बहीण स्वतःच नको म्हणाली. ‘‘मेरी वजह से कल को कुछ हुआ तो?’’ सात-आठ वर्षं प्रत्येक रसमेला मागं उभं राहून तिनं ते शिकून घेतलं होतं. हळद लावायला पुढं व्हायचं नाही, नवरीच्या बांगड्यांना हात लावायचा नाही. कुणी तोंडानं सांगत नाही, फक्त ताट तिच्यासमोरून पुढं सरकतं. भाची तिला म्हणाली, ‘‘खाला, झगडा जोडे से हुआ था क्या तुमारा?’’ यावर दोघी हसल्या आणि जोडा पेटीतून बाहेर आला.

आता खरं काम सुरू झालं, आणि या कामाबद्दल आपल्याला किती कमी माहिती असते, ते मला तेव्हा कळलं. भाची खालापेक्षा उंच आणि खांद्यानं भरलेली. कपडा लहान करणं सोपं, मोठा करणं अवघड. मोठा करायचा तर शिवणीच्या आत जादा कापड हवं. आपले शिंपी त्याला ‘माया’ म्हणतात. जुन्या मास्तरांनी हातानं शिवलेल्या कपड्यात ती भरपूर असायची. या कुर्तीत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच निघाली. आजच्या रेडिमेड जोड्यांत अर्धा इंचसुद्धा मिळत नाही. वीस वर्षांनी तुमच्या लेकीनं तो घालावा, असा विचार करून तो कुणी शिवलेलाच नसतो.

मास्तरांनी आधी अस्तर सोडवलं. मग शिवणीवर आलेली जरदोजी हातानं उकलली, कारण त्यावरून मशीन चालवलं तर सुई मोडते नाही तर काम तुटतं. बाजूच्या शिवणी उसवून तीन इंच सोडले. तर आतलं कापड गडद डाळिंबी आणि बाहेरचं उडालेलं. जुन्या शिवणीच्या जागी सुईच्या भोकांची रेघ. ती रेघ इस्त्रीनं जात नाही. मास्तरांनी आरीवाल्या कारागिराला बोलावून त्यावर दबक्याची बारीक वेल घालून घेतली, जुन्या नक्षीला धरून. खांद्यात कापड सोडायला काही नव्हतं, म्हणून बाह्या काढून बगलेत पानाच्या आकाराचा तुकडा बसवला. हात वर केला तरच दिसेल असा. शराऱ्याची उंची दोन इंच कमी पडत होती. खाली किनार आहे, तिथं काही करता येत नाही. ती वाढ वर कमरेला पट्टी लावून केली, कुर्तीखाली झाकली जाईल अशी. किनारवाला लहंगा छोटा करायचा असला तरी वरूनच करतात. खालून कापणारा शिंपी भेटला तर कपडा घेऊन परत या. तीन वेळा अंगावर घालून पाहिलं. मास्तरांचे आणि कारागिराचे मिळून २,६०० रुपये झाले.

याच लग्नात वलीम्याचा लहंगा मुलाकडून आला. नवा, ४२,००० रुपयांचा, आणि मुलीचं माप न विचारता अंदाजानं घेतलेला. दोन साइझ मोठा! म्हणजे तोही शेवटी त्याच मास्तरांच्या मशीनखाली गेला. त्यांनी १,४०० रुपये सांगितले. घासाघीस करून ९०० वर आणलं गेलं, आणि ती कुणी केली? उतरन-उतरन करणाऱ्या त्याच फुफीनं. दुकानात ४२,००० वर कुणी जीभ उचलली नव्हती. मास्तर म्हणाले, एकेक मणी काढून परत लावायचाय. त्यावर उत्तर, ‘‘दो टाके तो मारने के हैं.’’

हे दोन टाके मारणारे कोण आहेत? आपल्याकडचे कितीतरी शिंपी आपलेच आहेत. स्वतःला इद्रिसी म्हणवतात, पहिला शिलाई करणारा म्हणून हजरत इद्रीस (अलै.) यांच्याशी नातं सांगतात. रसूलुल्लाह (स.) स्वतःचे कपडे स्वतः शिवत, हे आयेशांनीच (रजि.) सांगितलेलं आपण सीरतच्या जलशात ऐकून सुब्हानल्लाह म्हणतो. जलशातून परत येताना शिंप्याचे पाचशे बुडवतो. कारागिराची मजुरी त्याचा घाम वाळायच्या आत द्या, हेही त्याच जलशात ऐकलेलं असतं.

माझ्याशी वाद घालणारे एक बरोबर बोलतात. मुलीलाच नवा जोडा हवा असेल तर? घेऊ द्या. कुठल्याही मुलीच्या अंगावर जबरदस्तीनं आईचा शरारा चढवावा, असं मी म्हणत नाही. ती दुसरी गुलामी होईल. शिवाय जो कपडा घडीवर चिरलाय, ज्याचं रेशीम हात लावताच फाटतंय, तो कितीही प्रेमाचा असला तरी मास्तर वाचवू शकत नाहीत. त्याची जरदोजी काढून नव्या कापडावर बसवता येते, तेवढंच. पण नवा जोडा घेणाऱ्या किती घरांत मुलीला आधी विचारलं जातं? मी पाहिलंय ते उलटं. जोडा आणायचा मोठ्यांच्या हौसेनं, आणि तो बसला नाही की पोरीला म्हणायचं, एक महिना भाकरी कमी कर. कपड्याला शिवण असते, ती उसवता येते. मुलीच्या अंगाला कुठं शिवण असते?

निकाहच्या दिवशी मुलाच्या आईनं कुर्तीची बाही हातात धरून काम पाहिलं आणि कुठून घेतला म्हणून विचारलं. भाचीनं सांगून टाकलं, खालाचा आहे. बाई ‘अच्छा’ म्हणाल्या. आवडलं की राग आला, मला अजून कळलेलं नाही. माझी बहीण बाजूलाच उभी होती, भाचीचा दुपट्टा पिनांनी बसवत.

ज्यांच्या पेटीत असा जोडा आहे त्यांना एवढंच सांगते, लग्न शव्वालमध्ये असेल तर कपडा रमजानच्या आधी दाखवा. शाबान संपत आला की मास्तरांच्या टेबलावर ईदच्या कपड्यांचा ढीग लागतो, आणि पंधराव्या रोज्यानंतर बरेच जण नवं काम घेतच नाहीत. जाताना मुलीला बरोबर न्या, जी चप्पल घालणार ती न्या, दुपट्टाही न्या. जोडकाम करायला कापड लागलं तर त्याच्याच टोकातून निघतं. आणि ते जो भाव सांगतील तो फुफीला सांगू नका.