पहिले तीन शनिवार



या पत्रात बंदुकीबद्दल चार बरे शब्द लिहायची वेळ माझ्यावर येईल असे वाटले नव्हते. शस्त्रविक्री, युद्धे, लष्करावरचा खर्च यांवर आपण इथे पुष्कळ वाद घातले आहेत, आणि माझी त्यातली मते आहेत तशीच आहेत. पण २०२४च्या ऑक्टोबरपासून माझी शनिवारची सकाळ बर्लिनच्या एका टोकाला, नेमबाजीच्या क्लबात जाते. लेक आत दहा मीटरवरच्या कागदावर नेम धरते आणि मी बाहेर कॉफी घेऊन बसते. तिथे बसून जे पाहिले आणि जे वाटले, ते तुमच्यापुढे ठेवते.

निमित्त झाला स्वप्नील कुसळे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. माझे माहेर कोल्हापूरचे, त्यामुळे त्या दिवशी आमच्याकडे फोन थांबत नव्हता. लेक तेव्हा तेरा वर्षांची. "मला हे करायचंय," म्हणाली. मीही उत्साहाच्या भरात तेजस्विनी सावंतची गोष्ट सांगितली: कोल्हापूरचीच मुलगी, २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, म्हणजे याच जर्मनीत! राही सरनोबतने २०१९ मध्ये म्युनिकलाच वर्ल्ड कपचे सुवर्ण मिळवले, तेही सांगून टाकले. थोडक्यात, आगीत तेल मीच ओतले.

जर्मनीत नेमबाजी शिकायची म्हणजे शुट्सेनफेराइनमध्ये, नेमबाजांच्या मंडळात, जावे लागते. ही मंडळे फार जुनी. त्यांचा सर्वांत मोठा महासंघ १८६१ साली गोथा शहरात स्थापन झाला आणि आज त्याचे सभासद तेरा लाखांच्या आसपास आहेत. कायदा कडक आहे. बारा वर्षांनंतर मुलांना एअर रायफल हातात घेता येते, पण पालकांची लेखी संमती लागते आणि मुलांना शिकवण्यास पात्र असा माणूस शेजारी लागतो. मोठ्या माणसाला स्वतःचे हत्यार हवे असेल तर किमान एक वर्ष सभासद राहून नियमित सराव करावा लागतो, मग या माणसाला हत्याराची गरज आहे असा दाखला संघटना देते. पंचविशीच्या आतल्यांना बहुतेक हत्यारांसाठी मानसिक योग्यतेचे प्रमाणपत्रही लागते. म्हणजे बंदूक कुणाच्या हाती जावी याचा पहिला दरवाजा सरकारी कचेरीत नसतो, तो या क्लबांत असतो. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आम्ही आधी ज्या क्लबात गेलो त्याचे नाव घेत नाही. कुणी वाईट वागले नाही, आणि म्हणूनच ते सांगणे अवघड आहे. एकाने फॉर्म दिला. दुसऱ्याने विचारले, "कुठून आलात?" मी म्हटले, "श्टेग्लिट्झहून." "नाही, मुळात कुठून?" हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. लेकीला जे जाकीट मिळाले ते सहा फुटी माणसाचे होते. तिने दहा छर्रे मारले, कागद यंत्राने मागे आला, आणि तो कुणी पाहिलासुद्धा नाही. बाकीचे एकमेकांशी हसतखेळत बोलत होते. आम्ही दोघी एखाद्या स्टेशनवर चुकीच्या फलाटावर बसावे तशा बसलो होतो. तिसऱ्या शनिवारी तिचे पोट दुखायला लागले. मी ओळखले, आणि विषय सोडून दिला.

खरे सांगायचे तर मला बरेच वाटले. १९ फेब्रुवारी २०२० रोजी हानाऊमध्ये जे घडले ते मी विसरलेले नाही. स्थलांतरित कुटुंबांतल्या नऊ जणांना एका माणसाने गोळ्या घातल्या, मग घरी जाऊन आईला मारले आणि स्वतःला. तो नेमबाजी क्लबाचा सभासद होता. हत्यारे कायदेशीर होती. काही महिने आधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, त्याने केंद्रीय सरकारी वकिलांकडे भ्रमिष्टपणाने भरलेली तक्रार पाठवली होती, तरी परवाना शाबूत राहिला. २०२० पासून परवाना देताना गुप्तवार्ता खात्याकडे चौकशी करावी लागते, ही सुधारणा चांगलीच. पण ज्या आईच्या मुलीचा रंग त्या नऊ जणांसारखा आहे, तिने आपल्या पोरीला कुठल्या धीराने रायफलवाल्यांच्या खोलीत सोडावे?

दुसऱ्या क्लबात गेलो ते ऑफिसातल्या एका बाईंच्या आग्रहामुळे. तिथे एक म्हातारबुवा आहेत, पंचाहत्तरीचे. पहिल्या दिवशी ते खुर्ची ओढून लेकीच्या शेजारी बसले आणि तिला नाव विचारले. चुकीचे उच्चारले, पुन्हा विचारले, तिसऱ्यांदा बरोबर म्हटले. मग कपाटातून एकेक जाकीट काढून अंगाला लावून पाहिले. त्या दिवशी छर्रा एकही मारू दिला नाही, नुसते उभे कसे राहायचे आणि श्वास कधी सोडायचा. "मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे," ते म्हणाले, "तो डोळ्यांनी शोधू नकोस, पायांनी शोध." दुसऱ्या शनिवारी पुन्हा तीच खुर्ची. तिसऱ्या शनिवारी त्यांनी विचारले, "तुमचं मूळ गाव कुठलं?" प्रश्न तोच होता, पण तोपर्यंत तो ओळखीच्या माणसाने विचारलेला होता. मी कोल्हापूर सांगितले, राही सरनोबतचे नाव घेतले, तर बुवा खूष! म्युनिकच्या वेळी तिला शिकवत होती ती मुंखबायर दोर्जसुरेन. या बाईंनी ऑलिंपिकचे ब्राँझ १९९२ साली मंगोलियासाठी घेतले आणि २००८ साली जर्मनीसाठी. बुवा हे असे सांगत होते की जणू दोन्ही पदके त्यांच्या घरातली आहेत.

त्यांचा नियम एकच: पहिले तीन शनिवार नव्या माणसाला एकटे बसू द्यायचे नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही. तो का आला ते नंतर कळले. बुवा पूर्व बर्लिनचे. तिकडे असे क्लब नव्हते, नेमबाजी शिकायची ती सरकारच्या निमलष्करी क्रीडासंघटनेत. १९९० मध्ये ती संघटना बरखास्त झाली आणि हे पश्चिमेकडच्या एका क्लबात गेले. तिथे त्यांना पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारले, "तिकडे तुम्हाला नेमका कुणावर नेम धरायला शिकवलं?" सगळे हसले. भाषा एक, शहर एक, कातडीचा रंग एक, तरी माणूस उपरा ठरला. बुवा म्हणतात, त्या क्लबात ते वर्षभर गेले आणि वर्षभर एकटेच बसले.

नियमांनी काय होते आणि काय होत नाही याचे एक उदाहरण जर्मन वाचकांना माहीत आहे. २०१४ साली वेस्टफालियातल्या वेर्ल-झ्योनर्न इथे तुर्की वंशाचा एक मुस्लिम गृहस्थ मंडळाचा 'नेमबाज राजा' झाला. वार्षिक स्पर्धा जिंकणाऱ्याला हा मान आणि गळ्यात चांदीची माळ मिळते. गावच्या मंडळाला त्याचे काही वाटले नव्हते. हरकत आली ती वरून. ते मंडळ ज्या महासंघाचे, तो ख्रिस्ती परंपरेचा, आणि घटनेप्रमाणे सभासद ख्रिस्ती असायला हवा. माळ परत करा! देशभर ओरड झाल्यावर त्या वर्षापुरता अपवाद झाला, पण वरच्या पातळीच्या स्पर्धेत त्याने उतरायचे नाही असे ठरले. २०१७ मध्ये महासंघाने नियम सैल केले. आपण पुरोगामी मंडळी इथे टाळ्या वाजवून थांबतो. पण आमच्या पहिल्या क्लबाच्या घटनेत आक्षेप घेण्यासारखे एक अक्षरही नव्हते, मी वाचली आहे. घटना निर्दोष आणि खुर्ची रिकामी.

आता जे सांगायचे ते मला तितकेसे शोभणारे नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या क्लबात एक मुलगा येऊ लागला. विशीतला, जर्मन, अंगात काळे जाकीट. कुणाशी बोलणे नाही, नजर खाली. माझ्या पोटात गोळा आला. हानाऊच्या बातम्यांतला माणूस मला तिथे दिसू लागला. दुसऱ्या शनिवारी मी क्लबाच्या अध्यक्षबाईंना गाठले आणि म्हटले, या मुलावर कुणीतरी लक्ष ठेवा. त्यांनी रेंजकडे बोट दाखवले. बुवांची खुर्ची त्या मुलाच्या शेजारी होती. "लक्षच ठेवतोय तो," त्या म्हणाल्या.

माझा मुद्दा हाच आहे. नव्याचे स्वागत करणे आणि नव्याला पारखणे ही दोन कामे आहेत असे आपण धरून चालतो. एक मवाळांचे, दुसरे कडकांचे. निदान इथे तरी ते एकच काम आहे, आणि ते खुर्ची ओढून बसल्याशिवाय होत नाही. काही वर्षांपूर्वी एक सभासद असाच सरावाला येई, नेम उत्तम. कॉफीवरच्या गप्पांत तो आपल्या शेजाऱ्यांविषयी जे बोलू लागला ते ऐकून बुवांनी कार्यकारिणीत विषय काढला आणि त्याला दाखला मिळाला नाही. "बोललोच नसतो तर बारा महिने झाल्यावर सही करून मोकळे झालो असतो," असे बुवा म्हणतात. ज्या क्लबात नव्याशी कुणी बोलत नाही, तो माझ्या लेकीला परका वाटतो आणि हत्यार कुणाला देतो आहे हेही त्याला माहीत नसते. कायदा आणखी कडक करायचे प्रस्ताव आले की महासंघ विरोधाला उभा राहतो. मला तो विरोध पटत नाही, कायदा हवाच. पण कायद्याने नेमलेला कुठलाही अधिकारी त्या मुलाशेजारी शनिवारी दोन तास बसणार नाही.

तो मुलगा अजून येतो. आता थोडे बोलतो, बहुतेक आईच्या कुत्र्याविषयी. मला तो पूर्ण उलगडला आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याला पाहून पोटात गोळा येत नाही.

जाता जाता, आपल्या गणेशोत्सवातही कोपऱ्यात ताटली घेऊन उभे असलेले विद्यार्थी मी दरवर्षी पाहते. त्यांना पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा कंपनीचा. दोन्हींची उत्तरे सोयीची असली तर तिसरा प्रश्न, नाहीतर आरतीची वेळ झालेली असते. त्या "मुळात कुठून?"वर चिडायचा आपल्याला कितपत हक्क आहे? असो, हा वेगळा लेख होईल.

बर्लिनमधल्या कुणाच्या मुलांना एकदा पाहायला यायचे असेल तर मला कळवा. बारा वर्षे पूर्ण हवीत, आईवडिलांची सही हवी, आणि बूट सपाट तळाचे हवेत. रायफल आणि जाकीट क्लबात मिळते. लहान मापाची आता दोन जाकिटे आहेत. बुवांचे गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यामुळे सध्या ती खुर्ची ओढायचे काम माझ्याकडे आहे.