चिलखत की दागिना?

"साहेब, ६ मिमीची ॲल्युमिनियमची टाका, लूक येतो!" थारला नवी स्किड प्लेट घ्यायला गेलो, तर गॅरेजवाल्याचं हे पहिलं वाक्य. अरे बाबा, गाडीच्या पोटाखाली वाकून बघणार कोण?

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटरचा ३ मिमी पोलादी पत्रा भरतो साडेतेवीस किलो, ६ मिमी ॲल्युमिनियम सोळा. वजन वाचतं, गंजही नाही, मान्य. पण सह्याद्रीचा काळा दगड मऊ ॲल्युमिनियमला ओरबाडतो, गाडी तिथेच अडते. पोलाद त्यावरून घसरत पुढे जातं. दगडांत जायचं तर पोलादच.

पण जाडीपेक्षा मोठा प्रश्न, प्लेट बांधली कशाला? धक्का चासीने झेलायचा असतो. माझी आधीची प्लेट पातळ पट्ट्यांवर लटकत होती. एका दगडावर पट्ट्या वाकल्या आणि ज्या ऑइल चेंबरला वाचवायचं तोच प्लेटने फोडला! लगेच इंजिन बंद केलं म्हणून निभावलं, नाहीतर काही मिनिटांत जाम.

तेव्हा बोल्ट थेट चासीत आहेत का, ऑइल काढायला भोक आहे का, चिखल धुता येतो का, एवढंच विचारा. लूक हवाच असेल तर स्टिकर लावा, स्वस्त पडतं.