तळटीप आणि तिचा पत्ता

पीएच.डी.च्या प्रबंधात फेसबुकवरील मजकुराचा अथवा एखाद्या संकेतस्थळाचा दाखला द्यावा की नाही, याविषयी आपल्या प्राध्यापकवर्गात अजूनही दोन तट आहेत. एका पक्षाला असा दाखला दिसताच प्रबंध हलका वाटू लागतो. दुसऱ्याला छापील ग्रंथाचा आग्रह ही जुनाट खोड वाटते. वस्तुतः त्या दाखल्याने काय सिद्ध करावयाचे आहे आणि उद्या तो कोणास तपासता येईल काय, एवढेच पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने ट्विटरवरील मजकुराचा दाखला देण्याची रीत २०१२ मध्येच घालून दिली. ते योग्यच झाले. एखाद्या मंत्र्याने अमुक दिवशी अमुक विधान केले, याला त्याच्या स्वतःच्या खात्यावरील मजकूर हा अव्वल पुरावा होय. त्या विधानातील आकडा खरा आहे, याला मात्र तो पुरावा ठरत नाही. भेद साधा आहे. पण नेमका तोच विसरला जातो. पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांनी कधीही न लिहिलेली वाक्ये त्यांच्या नावावर व्हॉट्सॲपवरून किती फिरतात, हे मराठी वाचकास सांगावयास नको. लोकांत काय प्रचलित आहे हे दाखविण्यास ती उपयोगी पडतील. लेखकाचे मत सांगावयाचे तर त्याचा ग्रंथच उघडावा लागेल.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ग्रंथ फाटला तरी त्याची दुसरी प्रत बहुधा कोठे तरी असते. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले; तेथील चर्चांना असा खात्रीचा आधार नव्हता. त्याच वर्षी हार्वर्डच्या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले, की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या संकेतस्थळांच्या पत्त्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी मूळ मजकूर सापडत नाही. न्यायालयाची ही गत, तर आपल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाची काय कथा!

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवीत, आणि १८९८ पासून त्यांनी ती छापावयास घेतली. मूळ कागद गेला तरी त्यातील मजकूर अभ्यासकापुढे राहिला. आज वाळवीची गरज नाही, एखाद्या कंपनीचा निर्णय पुरतो. उपाय मात्र राजवाड्यांच्या पायपिटीच्या मानाने फारच सोपा आहे. इंटरनेट अर्काइव्ह ही १९९६ मध्ये स्थापन झालेली संस्था संकेतस्थळांवरील पृष्ठे विनामूल्य जतन करते. फेसबुकवरील मजकूर तेथे साठवला जाईलच असे नाही. अशा वेळी त्याची चित्रप्रत, पाहिल्याच्या तारखेसह, परिशिष्टात जोडावी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांमुळे प्रबंधातील उसनवारीची टक्केवारी मोजली जाते. तळटिपांतील पत्ते उघडतात काय, याची चौकशी क्वचितच होते. मार्गदर्शकाने मौखिक परीक्षेपूर्वी कोणत्याही दहा टिपा निवडून पाहाव्यात. पत्ता उघडत नसेल तर जतन केलेली प्रत मागावी, आणि तीही नसेल तर त्या टिपेवर उभे असलेले विधान प्रबंधातून काढावयास लावावे.