जात्यावरची ओवी आणि पडद्यावरची सीता

मैत्रिणींनो, अंबाजोगाईहून एका भगिनीचं पत्र आलंय. नाव छापू नका असं तिनं कळवलंय, म्हणून नुसती हकीकत सांगते.

तिची लेक नववीत आहे. नितेश तिवारींच्या ‘रामायण’ चित्रपटानं पोरीला अगदी वेड लावलंय. पहिला भाग २०२६ च्या दिवाळीत आणि दुसरा २०२७ च्या दिवाळीत, असं निर्मात्यांनी २०२४ साली जाहीर केलं, तेव्हापासून घरात रणबीर कपूरचा राम, साई पल्लवीची सीता आणि यशचा रावण यांचंच पारायण चाललंय! एका रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, “देवाधर्माचा खेळ मांडलाय. असल्या सिनेमांवर बंदीच हवी.” पोरगी पटकन बोलून गेली, “पण आजी, सीतामाईला अग्निपरीक्षा द्यायला लावली, ते तरी बरोबर होतं का?” सासूबाई ताटावरून उठल्या. वडिलांनी हुकूम सोडला, “पुन्हा या घरात हा विषय नको.” तेव्हापासून पोरगी मुकाट जेवते. आई विचारते, मी कुणाची बाजू घेऊ?

बाई, आधी सासूबाईंचं दुःख समजून घ्या. जून २०२३ मध्ये ओम राऊतांचा ‘आदिपुरुष’ आला. त्यात हनुमंताच्या तोंडी टपोरी भाषा घातली होती. लोक इतके चिडले, की निर्मात्यांनी काही दिवसांतच संवाद बदलले. म्हणजे नावं ठेवायचा, तिकीट न काढायचा हक्क सासूबाईंना पुरेपूर आहे, आणि त्याचा उपयोगही होतो.

पण बंदी ही निराळी गोष्ट. आपल्या पैठणच्या नाथांचंच पाहा. प्रभातनं १९३५ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. बालगंधर्व एकनाथ झाले होते. नाव ठेवलं होतं ‘महात्मा’. सेन्सॉरची हरकत आली आणि ते ‘धर्मात्मा’ करावं लागलं. संताच्या कथेलाही कात्री चुकली नाही! कात्री एकदा हाती घेतली की ती कुणाचं कापड कापेल, सांगता येत नाही.

घटनेच्या १९ व्या कलमानं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय, तशा मर्यादाही घातल्यात: सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी वगैरे. जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं धर्मभावना दुखावणं हा गुन्हाच आहे. मात्र प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट केवळ निदर्शनांच्या नि दंग्याच्या धमकीनं अडवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सांगितलं. थोडक्यात, दुखावणं वेगळं आणि प्रश्न विचारणं वेगळं.

तुमच्या लेकीनं प्रश्नच विचारला ना? आणि तो काही नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी पहाटे जात्यावर हाच प्रश्न गायलाय. सीतेचा वनवास, एकटीचं बाळंतपण, सासरचा छळ, सारं त्या ओव्यांत आहे. सासऱ्यासमोर ज्यांना तोंड उघडायची सोय नव्हती, त्या सीतेच्या आडून आपलं मन मोकळं करीत. आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित करून जपल्या आहेत.

म्हणून बाजू कुणाचीच घेऊ नका. हुकूम तेवढा मागे घ्यायला लावा. यजमानांना एकांतात सांगा, की आज सिनेमावर न बोलणारी पोरगी उद्या कॉलेजच्या वाटेवर कुणी त्रास दिला तरी घरी बोलणार नाही. लेकीला सांगा, आजीची टिंगल करायची नाही, तिचं बोलणं मध्येच तोडायचं नाही. सिनेमाला आजी आल्या तर उत्तम, नाही आल्या तर आग्रह नको.

आणि एखाद्या दुपारी शेंगा फोडायला बसलात, की सासूबाईंना हळूच म्हणा, “आत्याबाई, तुमच्या आईची सीतामाईची एखादी ओवी म्हणा ना.” नातीला जवळ बसवा. पुढचं त्या दोघी बघून घेतील.