बेट बुडण्याआधी

ऑस्ट्रेलिया आणि हवाई यांच्यामधल्या अथांग पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा एक देश आहे. नऊ प्रवाळबेटे, त्यांत विखुरलेली शंभराहून अधिक बेटुकली, सगळी मिळून सुमारे २६ चौरस किलोमीटर भूमी आणि ११ हजारांच्या आसपास माणसे, एवढाच त्याचा पसारा. वृत्तपत्रांत त्याचे नाव बहुधा एकाच विशेषणासह येते: ‘बुडणारा देश’. २०२१ साली तेथील मंत्री सायमन कोफे यांनी समुद्राच्या गुडघाभर पाण्यात उभे राहून जागतिक हवामान परिषदेसाठी भाषण केले आणि ते दृश्य जगभर पोहोचले. मंत्र्यांचा हेतू रास्तच होता. तथापि त्या दृश्याने एक अपुरी समजूतही दृढ केली, असे मला वाटते. बेट म्हणजे जणू पाण्यातली थाळी. पाणी चढले की थाळी बुडाली!

प्रवाळबेट असे निर्जीव नसते. प्रवाळ हे समुद्रातील अगदी लहान जीव. त्यांच्या चुनखडी सांगाड्यांचे थर साचत जाऊन ही बेटे घडतात. चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडलेला यासंबंधीचा सिद्धान्त पारखण्यासाठी त्याच शतकाच्या अखेरीस तुवालूच्या फुनाफुटी बेटावर विंधण घेतले गेले. ते ३०० मीटरहून खोल गेले, तरी प्रवाळाचा खडक संपला नाही. लाटा या खडकाचा चुरा आणि वाळू काठावर आणून टाकतात, तशा ओढूनही नेतात. संशोधकांनी १९७१ ते २०१४ या काळातील तुवालूची छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा समुद्राची पातळी वाढत असतानाही एकूण भूमी सुमारे तीन टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. काही बेटे झिजली होती. पण वाढलेली अधिक होती.

मग चिंता कसली, असे कोणी विचारील. काहींनी तसे विचारलेही. परंतु माणूस केवळ भूमीवर जगत नाही.

प्रवाळबेटावर नदी नसते. पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे जमिनीखाली त्याच्यावर तरंगत राहते. हा थर भिंगासारखा, मध्ये जाड व कडांना पातळ असतो. समुद्रपातळीच्या वर एक हात गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस हात असते, असा ढोबळ नियम आहे. या हिशेबाची दुसरी बाजू भयावह आहे. वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालचा साठा कितीतरी पटींनी आक्रसतो. त्यातच उधाणाच्या लाटा बेटावर चढल्या, तर मीठ वरूनही झिरपते. तुवालूचे लोक या थरापर्यंत खड्डे खणून त्यांत अळूच्या कुळातील पुलाका हे कंदपीक घेत आले आहेत. खारे पाणी शिरले की ते पीक नासते. राजधानी फुनाफुटी येथे तर पिण्यासाठी मुख्यतः छपरांवरून टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्याचाच आधार आहे. २०११ साली पाऊस लांबला, टाक्या आटल्या आणि सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. समुद्राने एक वीतही जमीन न गिळता देश असा हतबल झाला होता. बेट बुडेल याची बातमी होते. विहीर खारट झाल्याची सहसा होत नाही.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. लक्षद्वीपची बेटेही प्रवाळाचीच आहेत. तेथे माणसांची वस्ती असलेली दहा बेटे असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांहून अधिक होती. कवरत्ती येथे २००५ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभारला. पृष्ठभागावरचे कोमट समुद्रजल कमी दाबाखाली वाफेत रूपांतरित करायचे आणि खोल समुद्रातील थंड पाण्याच्या साहाय्याने ती वाफ निववायची, ही त्यामागची युक्ती. पुढे मिनिकॉय आणि अगत्ती येथेही असे प्रकल्प झाले.

म्हणूनच ‘बुडणारा देश’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. ज्याचे मरण आपण गृहीत धरले, त्याच्या दारी पाण्याची टाकी बांधायला कोण पुढे येईल? तुवालूवासी स्वतः दोन्ही वाटा चोखाळत आहेत. फुनाफुटीत त्यांनी २०२३ साली समुद्रात भर घालून सात हेक्टरांहून अधिक उंच जमीन तयार केली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी ‘फालेपिली’ करार झाला. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ शेजारधर्म. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना सोडतीद्वारे ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्य करता येते. २०२५ मधील पहिल्या सोडतीत कुटुंबीयांसह निम्म्याहून अधिक देशाने नावे नोंदवली. गेलेल्यांना मायदेशी हवे तेव्हा ये-जा करण्याची मोकळीक आहे.