विश्लेषण : स्कॅनमध्ये कर्करोगासारखी गाठ, पण कारण खेकड्यातला कृमी?

छातीच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली की पहिली शंका येते कर्करोगाची. खोकल्यातून रक्त पडत असेल, तर क्षयरोगाचीही. पण मणिपूर, नागालँड, अरुणाचल प्रदेशात डॉक्टरांना तिसरी शक्यताही तपासावी लागते. ती म्हणजे फुप्फुसातला चपटा कृमी. या आजाराचे नाव पॅरागोनिमायसिस.

कृमी फुप्फुसात कसा पोहोचतो?

हा कृमी आधी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत आणि मग खेकड्यात वाढतो. खेकडा कच्चा किंवा अर्धवट शिजवून खाल्ला, तर त्याची पिल्ले माणसाच्या आतड्यात जातात. आतड्याची भिंत आणि नंतर श्वासपटल भेदून ती फुप्फुसात शिरतात आणि तिथेच मोठी होतात.

कर्करोगाचा भास का होतो?

कृमीभोवती सूज येऊन गाठ तयार होते. सीटी स्कॅनमध्ये ती कर्करोगासारखी दिसू शकते. पेट स्कॅनमध्ये जास्त ग्लुकोज खेचणाऱ्या पेशी उजळून दिसतात. कर्करोगाच्या पेशी असे करतात, तशाच सुजेच्या पेशीही. त्यामुळे उजळलेला ठिपका म्हणजे कर्करोगच, असे ठामपणे म्हणता येत नाही.

निदान चुकले तर?

क्षयरोगाची औषधे महिनोन्महिने घेतली तरी कृमी मरत नाही. कर्करोग समजून फुप्फुसाचा भाग काढून टाकल्याचीही उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. खरे तर प्राझिक्वांटेल या गोळ्यांचा दोन-तीन दिवसांचा कोर्स सहसा पुरतो. थुंकीत कृमीची अंडी सापडणे, रक्तात इओसिनोफिल पेशी वाढणे आणि अँटिबॉडी चाचणी यांवरून आजार ओळखता येतो. पण त्याआधी कुणीतरी विचारावे लागते : कच्चा खेकडा खाल्ला होता का?

महाराष्ट्रात काय काळजी घ्यावी?

आपल्याकडे खेकड्याचा रस्सा चांगला उकळतात. पूर्ण शिजलेल्या खेकड्यातून हा धोका राहत नाही. मात्र कच्चा खेकडा साफ केल्यावर हात, विळी आणि भांडी धुवायलाच हवीत.

गाठ दिसली की ‘कृमीच असेल’ म्हणून तपासणी टाळणेही तितकेच धोक्याचे. स्कॅन फक्त शंका दाखवतो. खात्री होते ती थुंकी, रक्त आणि गरज पडल्यास बायोप्सीच्या तपासणीतूनच. डॉक्टरांना आहार आणि प्रवासाची माहिती आपणहून दिली, तर हे निदान लवकर होऊ शकते.