पुड्याकडून काय मागायचं?

लेअर कोंबड्यांच्या खाद्यात प्रोबायोटिकचा पुडा मिसळा, कवच टणक होईल आणि बलक केशरी दिसेल, असं विक्रेते शेडोशेडी सांगत फिरतात. बलकाचा रंग मक्यातून आणि झेंडूच्या पाकळ्यांतून येतो, त्याचं श्रेय या पुड्याला देऊ नये. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. एका अंड्यामागे दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं आणि कवच घडायला वीसेक तास जातात. त्यातलं बरंचसं काम रात्री होतं. तेव्हा कोंबडी खात नाही, म्हणून आतड्यातला साठा संपला की ती हाडांतलं कॅल्शियम काढते. संध्याकाळी शिंपल्याचा जाडसर चुरा द्यायचा तो यासाठी. मे महिन्यात पत्र्याखाली कोंबडी धापा टाकते, श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि कवच पातळ पडतं. तिथे फॉगर आणि गार पाणी हवं. पुडा ऊन अडवत नाही.

पण म्हणून प्रोबायोटिक हे सगळं थोतांड आहे, त्यापेक्षा अँटिबायोटिक बरं, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण जास्त मोठं आहे. वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं युरोपीय संघाने 2006 पासून बंद केलं. आपल्याकडे 2019 मध्ये कोंबड्यांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली, कारण माणसाच्या आजारात ते शेवटच्या आधारांपैकी एक आहे. आणि आपलं पिल्लू जन्मतं कुठे? इन्क्युबेटरमध्ये. खुडूक कोंबडीच्या पंखाखाली, तिच्या विष्ठेत चोच मारत, जे जिवाणू त्याला आपोआप मिळाले असते ते त्याला मिळतच नाहीत. 1973 मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज पिल्लांना पाजला, तेव्हा साल्मोनेलाला तिथे बस्तान बसवणं अवघड गेलं. आपण हिरावलेलं परत देणं, हीच प्रोबायोटिकची खरी बाजू आहे आणि मी तिच्या बाजूने उभा आहे.

कवचाला फायदा झालाच तर तोही आतड्याच्याच वाटेने. पुड्यातले जिवाणू तिथे आम्ल तयार करतात, त्यात कॅल्शियम चांगलं विरघळतं. कोंबडीचं वय वाढतं तसं अंडं मोठं आणि कवच पातळ होत जातं. त्या वयात हा आधार मोलाचा ठरू शकतो. चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. काहींत कवच सुधारलं, काहींत फरकच पडला नाही. जिवाणूची जात वेगळी, मात्रा वेगळी, देण्याची रीत वेगळी. बॅसिलसचे बीजाणू उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलस गोळी खाद्याच्या वाफेत मरतो, क्लोरीनच्या पाण्यातही मरतो.

पुड्यावर जिवाणूचं नाव आणि संख्या छापलेली नसेल तर तो घेऊ नका. घेतलात तर एकाच वयाच्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यांच्या दोन ओळी वेगळ्या करा, खाद्य तेच ठेवा, एका ओळीला पुडा द्या आणि आठ आठवडे दोन्हीकडची तडकलेली अंडी रोज मोजून वहीत लिहा.